कॅमेऱ्याचे तोंड कोणीकडे?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)





संस्थेने मला ‘विज्ञान आणि आपण’ या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले. मी शास्त्रज्ञ नाही. भूगोल शिकवणारा एक साधा शिक्षक आहे. म्हणून मोठमोठ्या गोष्टी न सांगता, ज्या एका प्रश्नाने मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावाची झोप उडवली तोच आपल्यासमोर मांडतो. उपग्रह आकाशातून जमिनीचे चित्र घेतो, तेव्हा त्याच्या कॅमेऱ्याचे तोंड नेमके कोणीकडे होते, हे कसे ठरवायचे? प्रश्न दूरचा वाटेल. पण तो आमच्या कब्रस्तानाच्या भिंतीपर्यंत येऊन पोचला होता.

आमचे गाव खाडीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर आहे. कब्रस्तानाला लागून एका शेजाऱ्यांची आंब्याची बाग आहे. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. दोन्ही घरांचे येणे-जाणे आजोबांच्या वेळेपासूनचे. एके दिवशी मुंबईहून आलेल्या एका तरुणाने मोबाईलवर गावाचे उपग्रह-चित्र उघडले आणि त्यावर सर्व्हे नंबरची रेषा टाकून दाखवली. पाहतो तो काय, कब्रस्तानाची भिंत रेषा ओलांडून तात्यांच्या कलमांत चांगली नऊ मीटर आत गेलेली! बातमी तासाभरात गावभर झाली. कोणी म्हणाले, भिंत पाडा. कोणी म्हणाले, हात तर लावून बघा. दोन्हीकडची तरुण मुले कट्ट्यावर जमू लागली.

मी तो मोबाईल हातात घेतला आणि बराच वेळ चित्र पाहत बसलो. मग तात्यांकडे गेलो. म्हटले, “तात्या, भिंत तुमच्या कलमांत आली असेल, तर तुमची विहीरही सरकून रस्त्यावर आली आहे. ही बघा.” तात्यांनी चष्मा लावून पाहिले. विहीर खरोखरच रस्त्यावर होती. मशिदीचा कोपराही त्याच बाजूला, तेवढाच सरकलेला. तात्या म्हणाले, “मास्तर, मग हे चित्रच सरकलंय की!” 

रीतसर अर्ज करून मोजणी मागवली. भूकरमापक रोव्हर यंत्र घेऊन आले. झाडीत बुजलेले हद्दीचे दोन जुने दगड सापडले. भिंत आपल्या जागी होती, बाग आपल्या जागी होती. चित्र तेवढे नऊ मीटर चुकले होते.

भांडण मिटले. पण माझ्या मनातला प्रश्न मिटला नाही. एवढ्या उंचीवरून माणसाच्या अंगणातले झाड दाखवणारे चित्र नऊ मीटर चुकते कसे? तेव्हापासून जे वाचले, समजून घेतले, ते सांगतो.

चित्र म्हणजे नकाशा नव्हे. चित्रात काय आहे ते दिसते, नकाशात ते कोठे आहे ते कळते. चित्राचा नकाशा करायचा तर कॅमेऱ्याविषयी तीन गोष्टी माहीत लागतात. चित्र घेताना तो कोठे होता, वेळ नेमकी काय होती आणि त्याचे तोंड कोणीकडे होते. पहिल्या दोन गोष्टी आज बऱ्याच सोप्या झाल्या आहेत. उपग्रहावरच जीपीएसचे यंत्र असते, त्यावरून जागा आणि वेळ दोन्ही मिळतात. वेळेला महत्त्व का, तर उपग्रह एका सेकंदात जमिनीवरचे सुमारे सात किलोमीटर अंतर मागे टाकतो. घड्याळ सेकंदाच्या एक हजारांश भागाने चुकले, तरी सात मीटरचा फरक पडतो. खरी कसोटी लागते ती तिसऱ्या गोष्टीत, म्हणजे दिशेत.

खाडीत होडी चालवणाऱ्यांना हे लवकर समजेल. होडी तीन तऱ्हेने हलते. डाव्या-उजव्या अंगाला कलते, लाटेवर नाळ वर-खाली होते, आणि प्रवाहाने तिचे तोंड बाजूला वळते. इंग्रजीत या तीन हालचालींना रोल, पिच आणि यॉ म्हणतात. उपग्रहाच्याही याच तीन हालचाली. म्हणजे जागेचे तीन आकडे आणि दिशेचे तीन कोन, असे सहा आकडे मिळाले की कॅमेऱ्याची पुरी ओळख पटते.

आता या कोनांत किती नेमकेपणा हवा? विद्यार्थ्यांनी हा हिशेब वहीत करून पाहावा. भारताचा कार्टोसॅट-१ हा उपग्रह खास नकाशांसाठी तयार केला होता. तो ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडला गेला आणि सुमारे ६१८ किलोमीटर उंचीवरून फिरत असे. तेथून जमिनीवरची अडीच मीटरची वस्तू चित्रात एक ठिपका होऊन उमटे. एवढ्या उंचीवर कॅमेऱ्याची दिशा एका अंशाने चुकली, तर जमिनीवर किती चूक होईल? जवळजवळ ११ किलोमीटर! अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक मिनिट चुकले तर १८० मीटर. मिनिटाचाही साठावा भाग, म्हणजे एक सेकंद चुकला तरी ३ मीटर. येथे मिनिट आणि सेकंद म्हणजे कोनाची मापे, ज्यांना पंचांगात कला आणि विकला म्हणतात. एक विकला म्हणजे किती लहान कोन? दोन किलोमीटर लांब उभ्या असलेल्या माणसाने हातात एक सेंटिमीटर रुंदीचा मणी धरला, तर तो मणी आपल्या डोळ्याशी साधारण तेवढा कोन करील. एवढी बारीक दिशा जमिनीपासून सहाशे किलोमीटर वर, धावत्या यंत्राची ओळखायची आहे.

त्यात आणखी एक अडचण. आपण फोटो काढतो तेव्हा सारे चित्र एका क्षणात टिपले जाते. नकाशासाठीच्या अशा बहुतेक उपग्रहांत तसे होत नाही. तेथे एका ओळीत हजारो प्रकाश-ग्राही घटक बसवलेले असतात. कार्टोसॅट-१ मध्ये अशा एका ओळीत १२,००० घटक होते. ती ओळ एका वेळी जमिनीची ३० किलोमीटर रुंदीची एक पातळ पट्टी टिपते, उपग्रह पुढे सरकतो, मग पुढची पट्टी. घरात केरसुणी पुढे पुढे नेत अंगण झाडावे तसे. सेकंदाला अडीच हजारांहून अधिक ओळी होतात. म्हणून एका चित्रासाठी कोन एकदाच काढून भागत नाही. प्रत्येक ओळीच्या वेळी तोंड कोठे होते ते ठाऊक हवे. मध्येच उपग्रह किंचित थरथरला, तर सरळ रस्ता चित्रात वाकडा दिसतो.

मग दिशा ओळखतात कशी? पहिले साधन जायरोस्कोप. उपग्रह कोणत्या अंगाला किती वेगाने वळतो आहे, हे ते क्षणोक्षणी सांगते. पण त्यात एक दोष आहे. जुने घड्याळ रोज थोडे पुढे जाते आणि महिन्याअखेर अर्धा तास चुकते, तशी जायरोस्कोपची बारीक चूक साठत जाते. घड्याळ आपण वेळोवेळी लावून घेतो. तसे जायरोस्कोपलाही वेळोवेळी लावून घ्यावे लागते. पण कशावरून?

ताऱ्यांवरून. उपग्रहावर एक वेगळा कॅमेरा आकाशाकडे तोंड करून बसवलेला असतो. त्याला तारा-संवेदक म्हणतात. तो समोरच्या ताऱ्यांचे चित्र घेतो, त्यांच्यातील कोनीय अंतरे मोजतो आणि ती यंत्राच्या स्मरणात ठेवलेल्या ताऱ्यांच्या यादीशी ताडून पाहतो. तीन ताऱ्यांचा त्रिकोण जुळला, चौथ्याने साक्ष दिली, की ओळख पटते. अमुक तारे समोर आहेत, म्हणजे माझे तोंड अमुक दिशेला आहे. तारे इतके दूर आहेत, की उपग्रह मुंबईवर असो की दिल्लीवर, त्यांच्या आपसांतील कोनांत फरक पडत नाही. जवळची खूण आपण हललो की हलते. दूरची खूण हलत नाही, म्हणून ती विश्वासाची.

ताऱ्यांच्या अशा याद्या करणे हे काम फार जुने आहे. विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे, की इंग्रजी पुस्तकांत आजही ज्या नावांनी तारे ओळखले जातात, त्यांतील कितीतरी नावे अरबी आहेत. आपली रोहिणी म्हणजे अल्डेबरान, मूळ अरबी ‘अद्-दबरान’, मागून येणारा. आपला श्रवण म्हणजे अल्टेर, ‘अत्-ताइर’, उडणारा. अभिजित म्हणजे व्हेगा, ते ‘वाकि’ या शब्दावरून, झेप घेऊन उतरणारा गरुड. अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी सन ९६४ च्या सुमारास आपल्या ग्रंथात नक्षत्रांच्या आकृत्या काढून ताऱ्यांच्या जागा आणि तेजस्विता नोंदवल्या. त्यांनी नुसत्या डोळ्यांनी केले, त्याच कामासाठी युरोपने १९८९ साली हिप्पार्कोस नावाचा उपग्रह सोडला आणि १९९७ साली एक लाख अठरा हजारांहून अधिक ताऱ्यांची यादी प्रसिद्ध झाली. मधली हजार वर्षे कोणी ना कोणी ही यादी सुधारत राहिले. आमच्या पूर्वजांनी सारे शोधून ठेवले होते, असे म्हणून छाती फुगवण्यासाठी मी हे सांगत नाही. त्यांनी आपल्या वाट्याचे काम केले. आपण आपल्या वाट्याचे कोणते केले, एवढाच प्रश्न आहे.

ताऱ्यांनी दिशा दिली तरी काम संपत नाही. ताऱ्यांकडे पाहणारा कॅमेरा वेगळा आणि जमिनीकडे पाहणारा वेगळा. दोघांमधील कोन ठाऊक असावा लागतो. सोडताना बसणारे धक्के आणि अवकाशातील ऊन-सावलीची तफावत यांनी त्यात सूक्ष्म फरक पडतो. म्हणून शेवटी जमिनीलाच विचारावे लागते. जमिनीवर स्पष्ट दिसणाऱ्या आणि प्रत्यक्ष मोजलेल्या खुणा घेतात. रस्त्यांचा चौक, पुलाचे टोक, बंधाऱ्याचा कोपरा. यांना नियंत्रण बिंदू म्हणतात. एका क्षणात टिपलेल्या साध्या फोटोत प्रत्येक खूण दोन समीकरणे देते. आपल्याला आकडे हवेत सहा. तेव्हा निदान तीन खुणा पाहिजेत. हे आमच्या नववी-दहावीच्या मुलांना कळणारे बीजगणित आहे. ओळी-ओळींनी घेतलेल्या चित्रात हिशेब लांबतो, पण तत्त्व हेच.

जाणकार मात्र तीन खुणांवर थांबत नाहीत. ते जास्त खुणा मोजतात आणि त्यांतील काही मुद्दाम हिशेबाबाहेर ठेवतात. हिशेब पुरा झाल्यावर या बाजूला ठेवलेल्या खुणा चित्रात योग्य जागी येतात का, ते तपासतात. पालकांनो, शाळेतही असेच असते. वर्गात सोडवून दाखवलेलेच गणित परीक्षेत घातले, तर मुलाला किती आले ते कळत नाही. न दाखवलेले गणित सुटले, तरच आले म्हणायचे.

आता आमच्या भिंतीकडे परत येतो. दिशा अचूक मिळाली तरी जमिनीची उंची ठाऊक नसेल तर चित्र सरकते. कॅमेरा सरळ खाली न पाहता तिरका पाहत असेल, तर उंचावरची वस्तू खऱ्या जागेपासून बाजूला पडते. समजा, कॅमेरा २० अंशांनी तिरका आहे आणि डोंगर-उतारावरील गावाची उंची हिशेबात २५ मीटरने चुकीची धरली. तर चूक किती? २५ गुणिले २० अंशांचा टॅन, म्हणजे सुमारे ९ मीटर. आमच्यासारख्या उतारावरच्या गावात असे सहज होते. कार्टोसॅट-१ वर दोन कॅमेरे होते ते याचसाठी. एक २६ अंश पुढे पाहणारा, दुसरा ५ अंश मागे पाहणारा. एकच डोंगर दोन बाजूंनी पाहिला, की आपल्या दोन डोळ्यांप्रमाणे त्याची उंची कळते. पण तीही दोन्ही कॅमेऱ्यांची तोंडे कोणीकडे होती ते अचूक ठाऊक असेल तरच.

मित्रांनो, तोंड कोणीकडे, हा प्रश्न आपल्याला नवा आहे काय? दिवसातून पाच वेळा आपण तो विचारतो. मुंबईहून काबा सुमारे ३,४५० किलोमीटरवर आहे. सर्वसाधारण समज असा, की किब्ला म्हणजे पश्चिम. हिशेब केला तर मुंबईहून तो पश्चिमेपासून सुमारे १० अंश उत्तरेकडे येतो. एक अंशाचा फरक पडला, तर तेवढ्या अंतरावर रेषा ५७ किलोमीटर बाजूला जाते. येथे कोणी शंका घेऊ नये. नमाजीला किती फरक चालतो, तो मसला आलिमांनी सांगायचा आहे, आणि धर्मात सवलत आहे हे आपण जाणतोच. मी केवळ भूमितीचे सांगतो.

या भूमितीने फार मोठी माणसे घडवली. अबू रैहान अल्-बिरुनी यांचा जन्म ९७३ साली ख्वारिज्ममध्ये झाला. गझनी शहराचा किब्ला अचूक काढायचा म्हणून त्यांनी १०२५ साली एक ग्रंथ पुरा केला. शहरांची स्थाने कशी ठरवावीत हा त्याचा विषय. एका रीतीने आलेल्या उत्तरावर ते विसंबले नाहीत. निरनिराळ्या रीतींनी हिशेब करून उत्तरे ताडून पाहिली. पंजाबातील नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून त्यांनी क्षितिज किती खाली झुकते तो कोन मोजला आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. तो कोन ३४ मिनिटांचा, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडाच अधिक होता. एवढासा कोन, आणि त्यातून साऱ्या पृथ्वीचे माप!

विद्यार्थ्यांनो, तुम्हीही एक प्रयोग करा. त्यासाठी उपग्रह नको. दरवर्षी २७ किंवा २८ मे रोजी सूर्य काब्याच्या बरोबर माथ्यावर येतो. त्या वेळी आपल्या घड्याळात दुपारचे २ वाजून ४८ मिनिटे झालेली असतात. मोकळ्या, सपाट अंगणात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. मुंबई-कोकणात तिची सावली सुमारे ६० सेंटिमीटर पडेल. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुंध्याकडे रेषा ओढा. तो किब्ला. सावलीच्या टोकाची खूण एक सेंटिमीटर बाजूला पडली, तर दिशा जवळजवळ एक अंशाने चुकेल. म्हणजे तिकडे ५७ किलोमीटर! मग मोबाईलमधील होकायंत्र शेजारी ठेवून पाहा. जवळ लोखंडी खिडकी असेल तर ते काय सांगते, तेही वहीत लिहा. उपग्रहाचा तारा-संवेदक जे करतो, तेच तुम्ही केलेले असेल. दूरच्या खुणेवरून आपली दिशा ठरवली.

आता दोन शब्द पालकांसाठी. आपल्या देशाच्या सर्वेक्षणाच्या इतिहासात आर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन यांचे नाव आहे. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या हाताखाली ते मोजणीची यंत्रे दुरुस्त करीत. पुढे हेन्री बॅरो या इंग्रज कारागिराच्या जागी सर्वेक्षण खात्याचे यंत्रकार म्हणून त्यांचीच नेमणूक झाली. हिमालयाची शिखरे मोजणाऱ्या खात्याची यंत्रे एका हिंदी मुसलमान कारागिराच्या बोटांवर विसंबून होती. आपल्या मोहल्ल्यांत असे हात आजही आहेत. घड्याळ दुरुस्त करणारे, मोटारीचे इंजिन आवाजावरून ओळखणारे. त्या हातांना गणिताची जोड मिळाली, तर काय होणार नाही?

पण आपण काय करतो? मुलगा दहावी होताच त्याचा पासपोर्ट काढायला धावतो. मुलीला भूमिती जमते म्हटले, तर तिला गणित सोडायला सांगतो, कारण पुढे उपयोग काय! उपयोग मी पाहिला आहे. त्या दिवशी गावात तीन नियंत्रण बिंदू म्हणजे काय हे जाणणारे एक जरी पोर असते, तर कट्ट्यावर माणसे जमलीच नसती. सातबारा, मोजणी, गावठाणाची ड्रोनने घेतलेली चित्रे, हे सारे आता नकाशावर येत आहे. ज्याला नकाशा तपासता येत नाही, त्याला दुसऱ्याने दाखवलेली रेषा मानावी लागते, नाही तर तिच्यासाठी भांडावे लागते.

तात्यांच्या नातीने यंदा नववीत आमच्या शाळेत नाव घातले आहे. कब्रस्तानाच्या भिंतीचा कोपरा आणि तात्यांची विहीर या दोन खुणा आमच्या भूगोल मंडळाच्या मुलांनी टेपने मोजून वहीत लिहून ठेवल्या आहेत. तिसरी खूण कोणती घ्यावी यावर त्यांचा वाद चालू आहे. असा वाद गावात खुशाल चालावा.